तंबूचे भाडे आणि तीर्थाचे पुण्य

दोघांना एका दिवसाचे १८ ते २० हजार रुपये, सकाळची न्याहारी धरून. २०२५ च्या महाकुंभात प्रयागराजच्या अरैल काठावर, सेक्टर २५ मध्ये आयआरसीटीसीने ‘महाकुंभ ग्राम’ ही तंबूनगरी उभारली, तेव्हा तिथल्या सुपर डिलक्स आणि व्हिला तंबूंचा सुरुवातीला जाहीर झालेला दर हा होता. तंबूला जोडून स्नानगृह, गरम पाणी, दारात राखण. एवढ्यानेही ज्यांचे समाधान होणार नव्हते त्यांच्यासाठी त्याच काठावर जमिनीपासून पंधरा-अठरा फूट उंचीवर पारदर्शक घुमट बांधले होते. पलंगावर पडल्या पडल्या संगमाचा परिसर दिसावा, अशी सोय. वृत्तपत्रांनी छापलेला त्यांचा भाव एरवी रात्रीला ८१ हजार आणि पर्वस्नानाच्या दिवशी १ लाख १० हजार.

त्याच महिन्यात त्याच वाळवंटात लाखो कल्पवासी राहत होते. पौष पौर्णिमेला यायचे आणि माघ पौर्णिमेला उठायचे, म्हणजे त्या वर्षी १३ जानेवारी ते १२ फेब्रुवारी. भाताच्या पेंढ्याचे अंथरूण, दिवसातून एकदा जेवण, पहाटेपासून तीन वेळा नदीत बुडी, राहुटीच्या दाराशी लावलेली तुळस आणि पेरलेले जव. गावाकडून आलेले कुटुंब आपल्या प्रयागवाल पंड्याचा झेंडा शोधत येते. प्रत्येक पंड्याच्या झेंड्यावरची खूण ठरलेली असते आणि त्याच्या वहीत या कुटुंबाच्या आजे-पणज्यांची नावे असतात. महिनाभर थंडी सोसायची, खोटे बोलायचे नाही, कुणावर रागवायचे नाही, असा हा नेम.

घुमटातला माणूस आणि पेंढ्यावरचा माणूस, दोघेही एकाच पाण्यात उतरले. दोघांना फळ सारखेच मिळाले का? प्रश्न टवाळीने विचारता येतो आणि समाजमाध्यमांवर तो तसा विचारलाही गेला. पण धर्मशास्त्रकारांनी तो शेकडो वर्षांपूर्वी अगदी गंभीरपणे विचारला होता. त्यांनी दिलेले उत्तर आजच्या दोन्ही बाजूंना थोडेसे अडचणीचे आहे.

आलिशान तंबूंचा हा धंदा कुंभातून निघालेला नाही. ब्रिटनमधल्या संगीत महोत्सवांत चिखलात स्वतःचा तंबू ठोकणारी तरुणाई आणि शेजारी गाद्या-गिरद्यांसह तयार तंबू भाड्याने घेणारी मंडळी, असे दोन वर्ग पडून बराच काळ लोटला. आपल्याकडे कच्छच्या रणोत्सवाने धोरडोच्या पांढऱ्या रणाशेजारी तंबूनगरी वसवली आणि हा नमुना देशभर पोचला. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीत गंगेच्या पलीकडच्या वाळूवर तशीच तंबूनगरी सुरू झाली. नदीपात्रातल्या त्या वसाहतीवर पुढे राष्ट्रीय हरित लवादापुढे आक्षेप आले. महाराष्ट्रात पवना, भंडारदरा आणि गंगापूर या धरणांच्या काठी शनिवार-रविवारी तंबूंच्या रांगा लागतात, हे तर आता कुणाला नवलाचेही वाटत नाही.

मैफलीच्या मांडवात याबद्दल कुणाची तक्रार नसते. जानेवारी २०२५ मध्येच नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. सर्वांत महाग ‘लाउंज’चे तिकीट ३५ हजारांचे होते. ज्याच्या खिशाला परवडले तो तिथे बसला, ज्याला नाही तो लांबच्या कठड्यावरून गायला. तिकीट काढून पाहायच्या खेळात जागेप्रमाणे पैसे हे सगळ्यांना मान्य असते. अहमदाबादचे कार्यक्रम उरकून गायक ख्रिस मार्टिन २७ जानेवारीला प्रयागला पोचला, तेव्हा मात्र तो एका वेगळ्या करारात शिरला होता. नदी तिकीट लावत नाही, हा त्या ठिकाणाचा पहिला करार आहे.

हा करार कुठून आला ते महाभारताच्या वनपर्वात सापडते. तीर्थयात्रेच्या प्रकरणात पुलस्त्य ऋषी भीष्मांना सांगतात, की यज्ञाला नाना प्रकारची सामग्री लागते, ऋत्विज लागतात, पैसा लागतो. तो राजांना किंवा एखाद्या धनवंतालाच जमतो. दरिद्री माणसाला जे साधते आणि ज्याचे फळ यज्ञाहूनही मोठे, ते म्हणजे तीर्थाला जाणे. म्हणजे तीर्थयात्रेची कल्पनाच मुळी पैशाला पर्याय म्हणून मांडली गेली. ज्याच्याकडे तूप, गाई आणि सोने नाही त्याच्याकडे पाय आहेत, आणि ते पुरेसे आहेत, असे सांगणारा हा विचार होता. त्याच ठिकाणी फळाची अटही आहे. ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत, जो दान घेत फिरत नाही, जो मिळेल त्यात संतुष्ट आहे, त्याला तीर्थाचे फळ मिळते.

मत्स्यपुराणातले प्रयागमाहात्म्य आणखी रोखठोक आहे. ऐश्वर्याच्या, लोभाच्या किंवा मोहाच्या पोटी जो वाहनात बसून प्रयागला जातो त्याची यात्रा निष्फळ होते, म्हणून वाहन टाळावे, असे ते सांगते. ज्या काळात बैलगाडी हीच चैन होती त्या काळातला हा नियम आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात तीर्थयात्रेवरच्या अशा वचनांचा आणि त्यांवरच्या वादांचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. त्यातून दिसते ते असे, की नंतरच्या निबंधकारांनी या वचनाचा कीस काढला. म्हातारा माणूस, आजारी माणूस, ज्याच्याने चालवत नाही असा माणूस गाडीत बसला तर? त्याला दोष नाही, असे मत पडले. वचनात दोष ऐश्वर्याला दिला आहे, चाकाला नाही.

या चर्चेत एक मराठी दुवा आहे. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवरचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा प्रमाण मानला गेलेला ग्रंथ सोळाव्या शतकात नारायण भट्टांनी लिहिला. त्यांचे वडील रामेश्वर भट्ट पैठणहून काशीला गेले होते आणि याच घराण्यात पुढे शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट झाले. प्रयागच्या वाळूत कोणी काय करावे याचे नियम ज्या पंडिताने नीट लावून दिले तो गोदाकाठच्या घराण्यातला होता.

शास्त्रकारांच्या हिशेबात पुण्याचे अंशसुद्धा ठरलेले दिसतात. दुसऱ्यासाठी, मोबदला घेऊन जो यात्रा करतो त्याला सोळावा हिस्सा. दुसऱ्याच कामाला निघाला आणि वाटेत तीर्थ लागले म्हणून बुडी मारली, त्याला निम्मे. ‘अनुभव’ घ्यायला, चित्रफीत काढायला, बाल्कनीतून सूर्योदय पाहायला आलेल्या आजच्या पाहुण्याला हा दुसरा नियम चपखल बसतो. गंमत म्हणजे त्याला शून्य मिळत नाही. निम्मे मिळते. परंपरा इथे टीकाकारांपेक्षा उदार आहे.

मग गरम पाण्याचा तंबू घेणाऱ्याला दोष द्यावा की नाही? शास्त्राचे उत्तर असे निघते, की आधी त्याला विचारा तू हे का घेतलेस. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे बदललेले, पौषातल्या थंडीत मोकळ्या वाळूवर रात्र काढणे जमणार नाही, म्हणून मुलाने खोली घेतली. तिचा तंबू मोठा असला तरी तिच्या यात्रेला बाधा नाही. पस्तिशीतला धडधाकट गृहस्थ, घुमटात उतरला कारण खाली गर्दी आहे आणि गर्दीत आपण शोभत नाही असे त्याला वाटते. त्याची यात्रा निष्फळ. दोघांच्या पावतीवर रक्कम तीच असू शकते.

इथे कष्टांची भलावण करणाऱ्यांनाही थांबवायला हवे. जितका देह झिजवावा तितके पुण्य, ही समजूत लोकप्रिय असली तरी परंपरेने ती सरसकट मान्य केलेली नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात शास्त्राला सोडून शरीराला पिळवटून काढणाऱ्या घोर तपाचा स्पष्ट निषेध आहे आणि सहाव्या अध्यायात आहार-विहार-निद्रा बेताची ठेवण्याचा उपदेश आहे. गौतम बुद्धाने देह सुकवून पाहिला आणि तो मार्ग सोडला. तेव्हा थंडीने कुडकुडणे हेच धर्माचे लक्षण, असे म्हणून उबदार तंबूला नावे ठेवणे हाही एक प्रकारचा दिखाऊपणा आहे.

त्याहून महत्त्वाचा भेद दुसराच आहे. काही कष्ट माणूस निवडतो आणि काही त्याच्यावर लादले जातात. कल्पवासी महिनाभर एकवेळ जेवतो तो घरी दोन वेळचे असताना. ते तप आहे, कारण त्याने ते मनाने घेतले आहे आणि पौर्णिमेला तो ते सोडून घरी जाऊ शकतो. डोक्यावर बोचके घेऊन, लहान मुलाचा हात धरून, बंद केलेला रस्ता चुकवत मैलोन्मैल चालणाऱ्या बाईने काहीही निवडलेले नाही. तिच्या हालांना तपश्चर्या म्हणणे सोयीचे असते, पण ते व्यवस्थेच्या अपयशावर भस्म फासण्यासारखे आहे.

२९ जानेवारी २०२५, मौनी अमावास्या. मध्यरात्र उलटल्यावर एक ते दोनच्या सुमारास संगमाच्या टोकाशी गर्दीचा लोंढा आला, अडथळे तुटले आणि माणसे माणसांवर पडली. पोलिसांनी दिलेल्या माहितीप्रमाणे गर्दी ज्यांच्यावर कोसळली ते ब्राह्ममुहूर्ताच्या स्नानाची वाट पाहत काठावर उघड्यावर झोपलेले भाविक होते. सरकारने त्या दिवशी ३० मृत्यू जाहीर केले. बीबीसीने पुढे केलेल्या पडताळणीत हा आकडा किमान ८२ निघाला. महागड्या तंबूंमुळे ही दुर्घटना घडली असे कुणी सिद्ध केलेले नाही आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण दुसऱ्या दिवसापासून सरकारने काय केले ते पाहण्यासारखे आहे. व्हीआयपी पास रद्द झाले आणि मेळ्याचा परिसर वाहनांना बंद झाला. वेगळी वाट सर्वांच्या वाटेतून जागा घेत होती याची ही कबुलीच होती.

कबुली पहिली नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या प्रयाग कुंभात, ३ फेब्रुवारी १९५४ ला, मौनी अमावास्येलाच चेंगराचेंगरी होऊन शेकडो माणसे मेली. त्यानंतर पंतप्रधान नेहरूंनी पुढाऱ्यांना आणि मान्यवरांना मेळ्याला जाणे टाळा, असे सुचवले होते. सत्तर वर्षांनी तोच धडा त्याच तिथीला पुन्हा गिरवावा लागला.

प्रयागच्या वाळूवर याच्या अगदी उलटे दृश्यही एकदा दिसले होते. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग सम्राट हर्षवर्धनाबरोबर तिथे गेला होता. दर पाच वर्षांनी हर्ष प्रयागला मोठी दानसभा भरवत असे. ह्युएन त्संगच्या वृत्तान्ताप्रमाणे खजिना रिकामा होईपर्यंत दान चालले, शेवटी राजाने अंगावरचे दागिनेही दिले आणि बहीण राज्यश्रीकडून एक जुने वस्त्र मागून घेऊन नेसले. वृत्तान्तात राजस्तुतीचा भाग असेल आणि रिकामा खजिना करांतून पुन्हा भरला असेल, हेही खरे. तरी त्या काळच्या सम्राटाला आपली जी प्रतिमा जगापुढे जावीशी वाटली ती फाटक्या वस्त्रातली होती. तीर्थाला जाऊन काही काळ कमी होणे यातच त्याला मोठेपणा वाटला.

पूर्वी सगळे समान होते आणि बाजाराने ते बिघडवले, अशी मांडणी मात्र खोटी ठरेल. कुंभात आखाड्यांच्या मिरवणुका हत्ती, रथ, चांदीची सिंहासने आणि छत्र-चामरे घेऊन निघत आल्या. कोणी आधी स्नान करायचे यावरून साधूंमध्ये रक्तपात झाले. २०२५ मध्ये ‘शाही स्नाना’चे नाव बदलून ‘अमृत स्नान’ केले गेले, क्रम मात्र तसाच राहिला. वारीबद्दलही हेच. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात पंढरीच्या वाटेवरचा आपला प्रवास लिहिला आहे. एकाच दिंडीत चालणाऱ्या, एकच अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बाया जेवायला मात्र वेगवेगळ्या बसतात, हे त्यांना सलत राहिले होते.

आणि ज्यांना मंदिरात पाऊलच टाकता येत नव्हते त्यांचे काय? २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरला प्राणांतिक उपोषण केले तेव्हा विठोबाचे दार दलितांना खुले झाले. म्हणजे महाराष्ट्रात देवापुढची समानता कुणी आयती दिलेली नाही. ती भांडून, उपाशी राहून मिळवलेली आहे. जातीने अडवलेली वाट उघडायला एवढे सायास पडले असतील, तर तीच वाट पैशाने पुन्हा विभागली जात असताना गप्प राहणे हे त्या लढ्यांशी जुळत नाही.

हा पेच एका धर्माचा नाही. हजला जाणारा प्रत्येक पुरुष शिवण नसलेली दोन पांढरी वस्त्रे गुंडाळतो, म्हणजे राजा आणि हमाल ओळखू येऊ नयेत. पण मक्केतल्या पवित्र मशिदीला लागूनच उंच मनोऱ्यात पंचतारांकित हॉटेले आहेत. मिना येथे एक लाखाहून अधिक तंबूंचे नगर आहे. १९९७ मध्ये तिथे आग लागून ३४३ यात्रेकरू मरण पावले, त्यानंतर सौदी सरकारने आग न धरणारे तंबू उभारले. हा सुखसोयीचा खर्च होता आणि तो सर्वांसाठी केला गेला. जून २०२४ मध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या पुढे गेला आणि सौदी सरकारच्या आकड्याप्रमाणे १,३०१ यात्रेकरू दगावले. त्यांतल्या ८३ टक्के लोकांकडे अधिकृत परवाना नव्हता. परवाना नाही म्हणजे थंड तंबू नाही, बस नाही. उन्हातून लांबचे अंतर त्यांनी पायी तोडले. अधिकृत यात्रेचा खर्च न परवडल्यामुळे मागच्या दाराने आलेले अनेक गरीब त्यांत होते. वस्त्रे सगळ्यांची सारखीच पांढरी होती. सावली सारखी नव्हती.

देव न मानणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात भरणाऱ्या ‘बर्निंग मॅन’ मेळाव्याने २००४ मध्ये आपली दहा तत्त्वे लिहून काढली. प्रत्येकाने स्वतःचे सारे स्वतः करावे आणि तिथे खरेदी-विक्री नसावी, ही त्यांतली दोन. काही वर्षांतच श्रीमंतांसाठी नोकर-चाकर, आचारी आणि वातानुकूलित गाड्यांसह तयार छावण्या उभ्या राहिल्या. २०१९ मध्ये आयोजकांनी अशा एका महागड्या छावणीला पुन्हा यायला मनाई केली. कारण तिथे आराम हा मूळ कल्पनेच्याच विरुद्ध होता.

तंबूनगरीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, आणि ते बोलले पाहिजे. शेकडो मांडववाले, सुतार, आचारी, धोबी, नावाडी यांना दोन महिने काम मिळते. परदेशात स्थायिक झालेला मुलगा आईवडिलांना घेऊन येतो, एरवी आला नसता. सरकारी महामंडळाला भाडे मिळते. स्वच्छ शौचालयांची सवय एका टोकाला लागली की दुसऱ्या टोकालाही मागणी होते. २०२५ च्या मेळ्यात सर्वसामान्यांसाठी दीड लाखाच्या आसपास शौचालये उभारल्याचे सरकारने सांगितले, हे कमी नाही. आणि शेवटी, आपल्या घामाच्या पैशाने कुणी चांगल्या गादीवर झोपला तर त्यात दुसऱ्याचे काय गेले?

गादीने काहीच गेले नाही. जाते ते गादीबरोबर येणाऱ्या गोष्टींनी. भाड्याच्या पाकिटात काठापर्यंतची गाडी, राखीव घाट, वेगळी बोट असते, आणि ती जागा कुठून तरी काढून दिलेली असते. नदीचा काठ वाढवता येत नाही. एका घाटावर गर्दी कमी ठेवायची तर शेजारच्या घाटावर ती वाढते. वैयक्तिक सुखाचा प्रश्न तिथे संपतो आणि धर्माचा सुरू होतो, कारण आता माझ्या सोयीची किंमत मी भरलेली नाही, दुसऱ्याने भरली आहे.

नारायण भट्ट काशीत ग्रंथ लिहीत होते त्याच शतकात पैठणला संत एकनाथ होऊन गेले. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते रामेश्वरला निघाले असता वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल त्यांनी त्या गाढवाला पाजले, ही कथा मराठी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. ती भूतदयेची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण यात्रेच्या शास्त्रावरचे ते एक भाष्यही आहे. पंडिताने विचारले होते, तू सोय का घेतलीस? संताने त्यात आणखी एक प्रश्न घातला: तुझ्या यात्रेच्या वाटेवर कोण तहानलेला आहे? दोन्ही प्रश्न एकत्र ठेवले तर घुमटाचाही निवाडा होतो आणि पासाचाही. तंबूतल्या आरामाचा झाडा ज्याचा त्याने द्यावा. वाटेवरच्या अग्रहक्काचा झाडा मात्र प्रशासनाला आणि धर्माचार्यांना द्यावा लागेल.

तो झाडा कायद्याने मागता येईल का? ३१ जानेवारी २०२५ ला, प्रयागच्या दुर्घटनेनंतर अवघ्या दोन दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयापुढे मंदिरांतल्या सशुल्क व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका आली. अशी खास वागणूक असू नये असे आपले मत असू शकते, पण न्यायालय तसे निर्देश देऊ शकत नाही, अशा आशयाचे बोलून खंडपीठाने ती ऐकायला नकार दिला. त्याच महिन्यात तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी कर्नाटकातल्या धर्मस्थळ येथे व्हीआयपी दर्शनाची कल्पनाच देवत्वाला छेद देणारी असल्याचे म्हटले होते. थोडक्यात, हे गैर आहे असे मोठ्या पदांवरच्या माणसांना वाटते, पण थांबवायचे काम प्रत्येक देवस्थानावर आणि प्रत्येक राज्य सरकारवर सोपवलेले आहे.

आता पाळी नाशिकची आहे. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिले अमृत स्नान २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरे ३१ ऑगस्टला, तिसरे नाशिकला ११ आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला, असे वेळापत्रक जाहीर झालेले आहे. प्रयाग आणि नाशिक यांत एक फरक आहे आणि तो निर्णायक आहे. हिवाळ्यात गंगा आटते आणि हजारो एकर वाळू मोकळी होते. नाशिकचा कुंभ भर पावसाळ्यात येतो. गोदावरी तेव्हा भरलेली असते, घाट दोन्ही बाजूंनी गावाने वेढलेले आणि रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्ल्या अरुंद. २७ ऑगस्ट २००३ ला याच अरुंद वाटांवर चेंगराचेंगरी होऊन सुमारे ४० भाविक मेले. त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त तर एक दगडी कुंडच आहे. इथे एकासाठी मोकळी ठेवलेली प्रत्येक वाट शंभरांची वाट अडवते.

जागेची तंगी किती आहे ते तपोवनाने दाखवून दिले. साधुग्रामासाठी तिथली शेकडो झाडे तोडण्याचा महापालिकेचा प्रस्ताव आला तेव्हा २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले, अभिनेते सयाजी शिंदे त्यांच्या बाजूने उभे राहिले. साधूंच्या मुक्कामालाच जागा पुरत नसताना आलिशान मुक्कामाला जागा कुठून आणि कुणाची निघणार, हे विचारण्याचा अधिकार नाशिककरांना आहे.

नाशिकच्या द्राक्षमळ्यांत आणि धरणकाठी पैसेवाल्या पाहुण्याने खुशाल उंची तंबू घ्यावा. त्याचे पुण्य निम्मे की पूर्ण हे त्याचे त्याने पाहावे. पण शासनाने पहिल्या अमृत स्नानाच्या पुष्कळ आधी चार गोष्टी लेखी जाहीर कराव्यात. स्नानाच्या दिवशी रामकुंड आणि कुशावर्त इथे पैसे किंवा पद पाहून वेगळी वाट मिळणार नाही. वेगळी वाट असलीच तर ती वय, आजार आणि अपंगत्व पाहून, विनामूल्य. सार्वजनिक जमिनीवर भाड्याचा एकही तंबू लागण्याआधी पावसात उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी निवारे पूर्ण झालेले असतील. आणि कोणती जमीन कुणाला, किती दराने दिली याची यादी सर्वांना पाहता येईल. आखाड्यांनी, पुरोहित संघांनी आणि नाशिककरांनी हे आताच मागावे. पाऊस सुरू झाल्यावर मागून उपयोग होणार नाही.